विजयाचे चित्र आणि व्यापलेला मुलूख

कावेरी नदीचे पात्र कर्नाटकातील श्रीरंगपट्टण येथे दुभंगून एका बेटाला वळसा घालते. या बेटावर, नदीच्या काठी, दर्या दौलत बाग नावाचा एक राजवाडा आहे. टिपू सुलतानाने तो १७८४ मध्ये बांधला. हीच नदी पुढे पूर्वेकडे वाहत जाऊन तिरुचिरापल्लीजवळ पुन्हा दुभंगते आणि अनेक शाखांनी तंजावरच्या सपाट प्रदेशात पसरून समुद्राला मिळते. राजवाड्याच्या भिंतीवर एका मोठ्या विजयाचे चित्र आहे. तो विजय ज्या युद्धात मिळाला, त्याच युद्धात खालच्या अंगाचा तंजावरचा मुलूख सैन्याने व्यापला आणि उजाड केला. त्या घटनेचे चित्र मात्र त्या भिंतीवर नाही.

इतिहासविषयक चित्र कसे पाहावे, याचा विचार करताना हे उदाहरण फार उपयोगी पडते. चित्रात जे आहे ते बारकाईने पाहणे ही पहिली पायरी होय. ते कोणी काढविले, कोणासाठी काढविले आणि पुढे ते कोणी जतन केले, हे विचारणे ही दुसरी. आणि त्या काळातील कोणती गोष्ट चित्रात येऊ शकली नाही, याचा शोध घेणे ही तिसरी. प्रस्तुत प्रकरणात या तीन पायऱ्या क्रमाने चढावयाच्या आहेत.

पोल्लिलूरचे भित्तिचित्र

१० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळील पोल्लिलूर येथे हैदर अली व त्याचा पुत्र टिपू यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या एका सैन्याचा पूर्ण पराभव केला. या सैन्याचा सेनापती कर्नल विल्यम बेली होता आणि त्याच्या हाताखाली सुमारे ३,८०० माणसे होती. सर हेक्टर मन्रो याचे दुसरे सैन्य कांचीपुरम येथे, म्हणजे थोड्याच अंतरावर होते. परंतु ते वेळेवर मदतीस आले नाही. बेलीच्या सैनिकांनी चौकोनी रचना करून लढा दिला. दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट झाल्यावर ही रचना मोडली. शेकडो सैनिक मारले गेले आणि उरलेले कैद झाले. खुद्द बेली १७८२ मध्ये श्रीरंगपट्टण येथे कैदेतच मरण पावला. हिंदुस्थानात कंपनीच्या सैन्याला तोपर्यंत इतका मोठा पराभव क्वचितच पत्करावा लागला होता.

दर्या दौलत बागेच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीवर हा प्रसंग रंगविलेला आहे. तांबडे डगले घातलेल्या सैनिकांचा चौकोन, त्याच्या मध्यभागी पालखीत बसलेला जखमी बेली, दारूगोळ्याच्या स्फोटाचा लोळ, चोहोबाजूंनी चालून येणारे म्हैसूरचे घोडेस्वार, तुटलेली मस्तके, उधळलेले घोडे, हैदर व टिपू यांच्या बाजूने लढणारे फ्रेंच अधिकारी, असे सारे त्या विस्तीर्ण भिंतीवर एकाच वेळी दिसते. दूरचे लहान आणि जवळचे मोठे, असा युरोपीय चित्रकलेचा नियम येथे पाळलेला नाही. ज्याचे महत्त्व अधिक, त्याची आकृती मोठी व स्पष्ट. भिंतीच्या दुसऱ्या भागात हैदर आणि टिपू यांच्या मिरवणुकी आहेत. मिरवणुकीची शिस्त आणि शत्रूच्या चौकोनाची फाटाफूट यांतील विरोध पाहणाऱ्याच्या मनावर ठसावा, अशीच ही योजना दिसते.

पूर्वेकडील भिंतीवर त्या काळातील राजेरजवाड्यांच्या दरबारांची लहान चित्रे रांगांनी मांडलेली आहेत. अर्काटचा नवाब महंमद अली वालाजाह तेथे आहे, पेशवा बाळाजी बाजीराव आहे, आणि तंजावरचा राजाही आहे. म्हणजे या राजवाड्यात तंजावर अगदीच अनुपस्थित आहे असे नाही. तेथे तंजावरचा राजा आहे. तंजावरचा मुलूख नाही.

चित्र कोणी जपले?

या भित्तिचित्राचा पुढचा इतिहासही बोधप्रद आहे. १७९९ च्या वेढ्यापूर्वी ते पुसट करण्यात आले होते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्यानंतर कर्नल आर्थर वेलस्ली या राजवाड्यात राहू लागला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने चित्र पुन्हा नीट करवून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते पुन्हा खराब झाले असता गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या आज्ञेने ते परत रंगविले गेले. कागदावर काढलेली या चित्राची एक भव्य आवृत्तीही अस्तित्वात असून २०२२ मध्ये लंडन येथे तिचा लिलाव झाला.

आपल्याच सैन्याच्या दारुण पराभवाचे चित्र इंग्रजांनी जतन का करावे? याचे उत्तर अवघड नाही. टिपू मेल्यानंतर या चित्राची धार गेली होती. प्रबळ शत्रूला आपण अखेर जिंकले, ही गोष्ट सिद्ध करण्यास शत्रूच्या प्रबळपणाचे चित्र उपयोगीच होते. विजेता बदलला, चित्राचा अर्थही बदलला. परंतु चित्रातील विषय तोच राहिला. तो विषय म्हणजे दोन सैन्यांची एका दिवसाची गाठ.

इंग्रज चित्रकारांनी या युद्धमालिकेवर जी चित्रे काढली, त्यांतही हेच आढळते. १७९२ मध्ये टिपूचे दोन पुत्र लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाले. तो प्रसंग रॉबर्ट होम आणि मॅथर ब्राऊन यांनी रंगविला. सर डेव्हिड विल्की याने १८३९ मध्ये पूर्ण केलेल्या भव्य तैलचित्रात सर डेव्हिड बेअर्ड हा मशालींच्या उजेडात टिपूच्या मृत देहापाशी उभा आहे. हे चित्र बेअर्डच्या विधवेने काढवून घेतले होते. बेअर्ड पोल्लिलूर येथे कैद झाला होता आणि त्याने अनेक वर्षे श्रीरंगपट्टणच्या बंदीवासात काढली होती. म्हणून त्याच्या पायांखाली विल्कीने तळघराची जाळी दाखविली आहे. एका भिंतीवर बेलीची पालखी, दुसऱ्या कापडावर टिपूचा देह. दोन्ही चित्रे परस्परांची उत्तरे आहेत, आणि दोहोंतही शेतकरी नाही.

तंजावरचा मुलूख: पाणी, धान्य आणि कर्ज

आता नदीच्या खालच्या अंगाला यावे. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीची जी उत्तरेकडील शाखा फुटते, तिला कोल्लिडम म्हणतात. कोल्लिडमचे पात्र खोलगट आहे; पाणी मोकळे सोडले तर ते सारे तिकडेच वाहून जाईल आणि दक्षिणेकडील शेते कोरडी पडतील. हे टाळण्यासाठी चोळांच्या काळापासून कल्लणै नावाचा दगडी बंधारा आहे. या बंधाऱ्यावर, त्याच्या खालच्या पाटांवर आणि बांधांवर तंजावरचा भात अवलंबून असतो. उन्हाळा संपताना नदीला पाणी येते. कुरुवै हे पीक त्या पाण्यावर आधी घेतात. सांबा हे दीर्घ मुदतीचे पीक पावसाळ्यानंतर, पौषाच्या सुमारास कापणीस येते. बांध दरवर्षी दुरुस्त करावे लागतात, गाळ काढावा लागतो, आणि हे काम गावोगावच्या माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र येऊन करावयाचे असते. एक हंगाम माणसे गावात नसली, तर पुढच्या हंगामाचे पाणी शेतापर्यंत पोहोचत नाही.

अशा मुलखावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भोसले घराण्याचे राज्य होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी ते स्थापन केले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हे राज्य दोन बलवान शेजाऱ्यांच्या आणि एका व्यापारी कंपनीच्या कचाट्यात सापडले. अर्काटचा नवाब महंमद अली स्वतःस तंजावरचा अधिराज म्हणवीत असे आणि खंडणीची थकबाकी मागत असे. कंपनीचे सैन्य त्याच्या बाजूने उभे राहिले. १७७१ मध्ये तंजावरला वेढा पडला व तो तहाने उठला. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये मात्र किल्ला पडला, राजे तुळजाजी कैद झाले आणि राज्य नवाबाच्या ताब्यात गेले.

हे पहिले व्यापन सुमारे अडीच वर्षे टिकले. त्यात मोठी लढाई झाली नाही. पण मुलखाचे पीक गहाण पडले. नवाब कंपनीच्या नोकरांचा कर्जदार होता. पॉल बेनफिल्ड नावाच्या अशाच एका सावकाराने पुढे दावा सांगितला, की तंजावरच्या महसुलाचा मोठा भाग नवाबाने आपल्याला तोडून दिलेला असून तेथील लोकांना दिलेल्या कर्जापोटी उभ्या पिकांवरही आपला हक्क आहे. लंडनच्या संचालकांनी तुळजाजींना राज्य परत देण्याचा हुकूम केला. मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने एप्रिल १७७६ मध्ये स्वतः तंजावरला जाऊन तो अमलात आणला. परंतु या कृत्याने सावकारांचे हितसंबंध दुखावले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिगटला त्याच्याच मंडळातील विरोधकांनी अटक केली आणि १७७७ मध्ये तो नजरकैदेत मरण पावला. कावेरीच्या काठावरील भाताच्या लोंब्यांसाठी मद्रासचा गव्हर्नर पदच्युत व्हावा, यावरून त्या लोंब्यांची किंमत कळते.

हैदराचा काळ

पोल्लिलूरच्या विजयानंतर म्हैसूरचे सैन्य कर्नाटकाच्या सखल प्रदेशात पसरले. १७८१ मध्ये ते तंजावरच्या मुलखात शिरले. तंजावरचा किल्ला तेवढा टिकून राहिला. भोवतालचा जवळजवळ सारा प्रदेश सुमारे सहा महिने हैदर अलीच्या ताब्यात होता. गुरे हाकून नेण्यात आली, धान्य लुटले किंवा जाळले गेले, बांध व पाट यांची नासधूस झाली. हजारो माणसे पळून गेली. अनेकांना, मुलांसुद्धा, म्हैसूरकडे नेण्यात आले. नंतरच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार १७८० ते १७८२ या काळात मुलखाचे उत्पन्न सुमारे नऊ दशांशांनी घटले. ते पूर्ववत होण्यास शतकाची अखेर उजाडली. लोकांच्या बोलण्यात हा काळ ‘हैदराचा काळ’ म्हणून राहिला.

वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलखात लढाईही झाली होती. फेब्रुवारी १७८२ मध्ये कुंभकोणमच्या परिसरात, अण्णागुडी येथे टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या सुमारे दोन हजार सैनिकांना घेरून शरण येण्यास भाग पाडले. हा विजय पोल्लिलूरच्या तोडीचा नसला तरी लहानही नव्हता. पण मुलखाची हानी झाली ती या लढाईने नव्हे. सहा महिने सैन्य शेतांत राहिले, पेरणीची वेळ टळली, बैल गेले आणि पाणी वळविणारी माणसे गेली, म्हणून ती झाली. लढाईला एक दिवस, एक जागा आणि दोन सेनापती असतात. तिचे चित्र काढता येते. न झालेल्या पेरणीला दिवस नसतो, जागा नसते आणि नायक नसतो.

हानीचा सारा दोष एकाच बाजूवर टाकणेही बरोबर होणार नाही. म्हैसूरचे सैन्य शत्रूची रसद तोडत होते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने त्याचा हेतू स्पष्ट होता. दुसरीकडे, ज्यांनी आधी महसूल गहाण टाकून मुलूख दुबळा केला, त्यांनीही या विनाशाची वाट मोकळी केली होती. एडमंड बर्क याने फेब्रुवारी १७८५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये नवाबाच्या कर्जांवर जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात कर्नाटकाच्या उजाडपणाचे वर्णन आणि सावकारांच्या हिशेबाची झडती एकत्र आली आहे, ती याच कारणाने. सैन्य कोणाचेही असो, त्याला पोसणारे शेत एकच होते.

जे चित्रात नाही, ते कोठे शोधावे?

या काळाचे चित्र भिंतीवर नसले तरी त्याची नोंद अन्यत्र सापडते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी त्या वेळी तंजावरला होता. त्याने आपल्या पत्रांत एक प्रसंग सांगितला आहे. किल्ल्यात धान्य संपत आले होते. आसपासच्या गावांत थोडे धान्य होते, पण ते आत आणण्यास बैल मिळेनात. कारण पूर्वी ज्यांनी बैल व धान्य दिले होते, त्यांना मोबदला मिळाला नव्हता. राजाच्या शब्दावर लोकांचा विश्वास उरला नव्हता आणि कंपनीच्या शब्दावरही नव्हता. तेव्हा श्वार्ट्झने स्वतः पैसे चुकते करण्याची हमी दिली. एक-दोन दिवसांत हजारावर बैल जमले आणि अल्पावधीत ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तिकडचे धान्याचे माप आहे. श्वार्ट्झने सर्वांचे पैसे फेडले.

युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतील दुसरी हकिकतही त्याच प्रकारची आहे. वसुलीच्या जुलमाला कंटाळून शेतकरी गावे सोडून गेले होते. जमीन पडून होती. परत आल्यास न्याय मिळेल, असे राजाच्या वतीने सांगितले गेले. तरी कोणी आले नाही. श्वार्ट्झने शब्द दिला, तेव्हा एका दिवसात ७,००० माणसे परत आली. पेरणीची योग्य वेळ तोवर टळत चालली होती. तरीही त्यांनी रात्रंदिवस खपून शेते उभी केली.

या दोन हकिकतींतून सैनिकी व्यापनाचे खरे स्वरूप कळते. बांध दुरुस्त करता येतो. बैल पुन्हा विकत घेता येतो. दिलेला शब्द पाळला जाईल, हा विश्वास मोडला म्हणजे उरलेले बैलही बाहेर येत नाहीत आणि उरलेली माणसेही नांगर धरत नाहीत. तंजावरचे उत्पन्न सावरण्यास इतका दीर्घ काळ लागला, त्यामागे हेही एक कारण असले पाहिजे.

श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला. राजे दुसरे सरफोजी त्याला पितृतुल्य मानीत. त्यांनी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या शिवगंगा तलावाजवळील चर्चमध्ये ते आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, त्याचा हात हाती घेतलेला राजा आणि भोवतालची मुले, असे ते शिल्प आहे. त्यातही बैल आणि धान्याची पोती नाहीत. पण ज्याला हकिकत ठाऊक आहे, त्याला त्या दोन हातांमागे ती दिसू शकते.

तंजावरच्या चित्रकारांनी याच सुमारास आणखी एक प्रकार हाताळला. सोन्याचा वर्ख आणि खडे लावलेल्या देवदेवतांच्या चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेतच. त्यांनी युरोपीय गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या माणसांच्या जोड्याही रंगविल्या: विणकर व त्याची बायको, कुंभार व त्याची बायको, शेतकरी व त्याची बायको. मुलखातील माणूस येथे प्रथमच चित्राच्या मध्यभागी आला. मात्र त्याच्याभोवतीचा गाव, बांध आणि पाट बहुधा गाळलेला असतो. विकत घेणाऱ्याला वेष आणि अवजार पाहावयाचे होते. त्या माणसाने मागील वीस वर्षांत काय सोसले, हे त्याने विचारले नव्हते.

राजघराण्याने आपला इतिहास दगडावर लिहिला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाची मराठी बखर कोरण्यात आली. हा मराठीतील अतिविस्तृत शिलालेखांपैकी एक होय. तेव्हा राज्याचा कारभार हातचा गेला होता; १७९९ च्या तहाने सरफोजींकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले होते. मुलूख गेल्यावर वंशाची कथा कोरून ठेवावी, असे त्या राजाला वाटले, हे समजण्याजोगे आहे. शिलालेखही चित्राप्रमाणेच वाचावा लागतो: कोणी कोरविला, केव्हा कोरविला आणि कोणासाठी, हे विचारून.

उपसंहार

यावरून इतिहासविषयक चित्रे निरुपयोगी ठरतात, असे मात्र नाही. पोल्लिलूरच्या चित्राने त्या दिवसाची शस्त्रे, वेष, सैन्यरचना आणि मुख्य म्हणजे विजेत्याचे मन आपल्यापर्यंत पोहोचविले आहे. ते नसते तर आपले ज्ञान तेवढे उणे राहिले असते. चित्राकडून त्याच्या आवाक्यातीलच साक्ष घ्यावी, उरलेली साक्ष पत्रांत, हिशेबांत, पाण्याच्या व्यवस्थेत आणि लोकांच्या बोलण्यात शोधावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

श्रीरंगपट्टणास जाणाऱ्या प्रवाशाने दर्या दौलत बागेची भिंत अवश्य पाहावी. पाहून झाल्यावर त्याने काठावर उभे राहून नदीही पाहावी. तेथून ती ज्या शेतांकडे जाते, ती शेते चित्राबाहेर आहेत. परंतु भिंतीवरील सैन्य जे धान्य खाऊन लढत होते, ते तशाच शेतांतून आले होते. आणि त्या सैन्याचा पुढचा मुक्कामही तेथेच पडला होता.